कार्यालयातील स्वच्छता कर्मचारी आणि तिथे बसणारी माणसे : कशाला हात लावायचा, हे कोणी ठरवायचे?

पर्यवेक्षक (धागाकर्ता)

कार्यालयांच्या स्वच्छतेचे काम करणारे आणि त्या कार्यालयांत बसून काम करणारे, अशा दोन्ही बाजूंच्या वाचकांसाठी हा धागा काढत आहे. मी बरीच वर्षे या व्यवसायात पर्यवेक्षक आहे, आणि माझ्यापर्यंत येणाऱ्या तक्रारींपैकी खरोखर अस्वच्छतेच्या तक्रारी फार थोड्या असतात. बाकीच्यांच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट सापडते. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे टेबलापाशी बसणाऱ्याने आणि ते टेबल पुसणाऱ्याने एकमेकांशी बोलून कधी ठरवलेलेच नसते. कंत्राट होते ते प्रशासन विभाग आणि स्वच्छता संस्था यांच्यात. त्यात 'कामाच्या जागांची दररोज स्वच्छता' अशी एखादी ओळ असते आणि तिचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो.

टेबलाचेच घ्या. कागदांचे गठ्ठे, उघडी वही, चष्मा, औषधाची पट्टी आणि चार्जरच्या वायरींचा गुंता असलेले टेबल कर्मचाऱ्यासमोर येते, तेव्हा त्याच्यापुढे दोनच मार्ग असतात. गठ्ठे उचलून पुसले तर सकाळी 'माझे कागद हलवले' अशी तक्रार येते आणि गठ्ठ्यांभोवतीची मोकळी जागा तेवढी पुसली तर 'धूळ तशीच आहे' अशी तक्रार येते. दोन्ही तक्रारी करणारी माणसे आपल्या जागी बरोबर असतात आणि बोलणी मात्र दोन्ही वेळा कर्मचारीच खातो. म्हणून आमच्याकडे मी एक नियम लिहून लावला आहे. कागद, वैयक्तिक वस्तू आणि चालू असलेले कोणतेही यंत्र यांना हात लावायचा नाही. टेबलाचा जेवढा भाग मोकळा असेल तेवढा पुसायचा. संपूर्ण टेबल पुसून हवे असेल, तर आठवड्यातील एका ठरलेल्या दिवशी ते संबंधितांनी मोकळे करून ठेवायचे. हा नियम कर्मचाऱ्यांना सांगून भागत नाही, तो त्या मजल्यावर बसणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचावा लागतो.

केराच्या टोपलीबाबतही असेच आहे. टोपलीत जे आहे तेवढाच कचरा, टोपलीशेजारी जमिनीवर पडलेला कागद हा कचरा नव्हे, असे आम्ही शिकवतो. टोपलीशेजारी ठेवलेले खोके कधी फेकून द्यायचे असते, तर कधी त्यात कोणाच्या तरी वर्षभराच्या फायली असतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. त्यामुळे फेकायच्या मोठ्या वस्तूवर 'कचरा' असे लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, ही विनंती मी प्रत्येक नव्या कार्यालयात पहिल्याच दिवशी करतो. फुटलेला पेला, कटरचे पाते, टाचण्या या वस्तू टोपलीत तशाच टाकू नयेत, हीही विनंती असते. जाड कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. आमच्या कर्मचाऱ्यांना पिशवी हाताने दाबू नये, तळाशी हात घालू नये आणि बांधलेली पिशवी अंगापासून दूर धरून न्यावी, असे शिकवलेले असते. तरीही हाताला आणि पोटरीला काचा लागण्याचे प्रसंग घडतात, आणि ती काच टाकणाऱ्याला तसे झाल्याचे कळतही नाही.

दुसऱ्या एका तक्रारीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिचे खापर हमखास चुकीच्या ठिकाणी फुटते. 'फरशी चिकट लागते, औषध कमी घालता वाटते' असे सांगितले जाते. प्रत्यक्षात फरशी चिकट होते ती बहुधा औषध जास्त झाल्यामुळे. पुसण्याच्या द्रावणातील साबणाचा अंश पाणी वाळल्यावर फरशीवर पातळ थराच्या रूपाने उरतो, त्या थराला बुटांची धूळ चिकटते आणि दुसऱ्या दिवशी फरशी आदल्या दिवसापेक्षा मळकट दिसते. मग तक्रार होते, तक्रारीमुळे औषध आणखी वाढवले जाते आणि थर आणखी जाड होतो. एक टक्क्याचे द्रावण हवे असेल तर 5 लिटर पाण्यात 50 मिलिलिटर औषध पुरते. ते मापाने घालावे, अंदाजाने बुचे ओतू नयेत. दोन बादल्या ठेवाव्यात, एकीत द्रावण आणि दुसरीत मॉप खळबळून पिळण्याचे पाणी. हे दुसरे पाणी गढूळ होताच बदलावे. एकाच बादलीत मजला पुसला, तर अर्ध्यानंतर आपण मळाचे पाणीच पसरवत असतो.

आपापल्या कार्यालयांतील अनुभव आणि तुम्ही काढलेले मार्ग वाचायला आवडतील.

लेखापाल

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून आमची अडचण मांडतो. हिशेबाच्या कामात कागदांचा क्रम हाच अर्धा हिशेब असतो. पावत्या आडव्या-उभ्या रचून ठेवलेल्या असतात, त्यात कोणती तपासून झाली आणि कोणती राहिली हे त्या रचनेवरूनच कळते. कोणी चांगल्या भावनेने ते सारे उचलून एक नीटस गठ्ठा करून ठेवला, तर सकाळचा सगळा वेळ पुन्हा क्रम लावण्यात जातो. राग येतो तो कर्मचाऱ्यावर नव्हे, पण बोलणे त्याच्याच नावाने होते, हे मान्य करायला हवे.

आमच्या कार्यालयात यावर उपाय निघाला तो माहितीच्या सुरक्षेच्या निमित्ताने. 'आयएसओ 27001' या मानकात टेबल आणि संगणकाचा पडदा मोकळा ठेवण्याची अपेक्षा आहे, म्हणजे उठून जाताना गोपनीय कागद कपाटात बंद करायचे आणि संगणक कुलूपबंद करायचा. त्या मानकाचा हेतू वेगळा आहे. पण टेबले मोकळी राहू लागल्यापासून ती पूर्ण पुसली जाऊ लागली, आणि कागद हलवल्याची तक्रार तर बंदच झाली. गोपनीय कागद उघडा टाकून जायचे आणि मग तो कोणी पाहिला असेल अशी शंका स्वच्छता कर्मचाऱ्यावर घ्यायची, हे मला तेव्हाही अन्यायाचे वाटत होते.

रात्रपाळी

धागा काढल्याबद्दल आभार. मी रात्रीच्या पाळीत काम करते. पर्यवेक्षकांनी बोलून ठरवण्याचा मुद्दा मांडला तो पटला, पण त्याआधीचा प्रश्न वेळेचा आहे, आणि तो बोलल्याशिवाय पुढचे सगळे अपुरे राहते.

हेर्बर्ट झिन्नर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1959 मध्ये स्वच्छतेच्या चार घटकांचे वर्तुळ मांडले. रसायन, घासण्याचा जोर, तापमान आणि वेळ हे ते चार घटक. यातील एक कमी केला की उरलेल्यांनी ती तूट भरून काढावी लागते. आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. मजला तोच राहतो, माणसे कमी होतात, म्हणजे वेळ कमी होतो. पाणी गरम करण्याची सोय नसते. मग ती तूट भरून काढायला उरतात रसायन आणि मनगट. रसायन वाढवले की वास आणि चिकटपणा वाढतो, आणि मनगटाचे दुखणे तर कोणाच्या नोंदीतच येत नाही. 'घाईघाईत फडके फिरवून गेले' असे म्हणणाऱ्यांनी त्या मजल्याला किती वेळ दिलेला आहे, हेही एकदा विचारावे.

जंतुनाशकाबद्दल तर हे फारच खरे आहे. फवारले आणि लगेच पुसून टाकले, तर पृष्ठभाग चमकतो पण काम झालेले नसते. जंतुनाशक ठरावीक वेळ ओले राहिले पाहिजे, आणि तो वेळ बाटलीवर लिहिलेला असतो. काहींसाठी तो एखादा मिनिट असतो, काहींसाठी 10 मिनिटे. शिवाय आधी मळ काढून मगच जंतुनाशक लावायचे असते, कारण मळावर पडलेले क्लोरीनसारखे द्रव्य त्या मळाशीच झगडून संपते. दरवाजाची मूठ ओली दिसली म्हणून 'नीट पुसलेली नाही' असे समजून रुमालाने कोरडी करणारे भले लोक मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांना कोणी सांगितलेले नसते.

संगणक तंत्रज्ञ

माझ्या विभागाकडून काही विनंत्या, ज्या मी आमच्या इमारतीतील स्वच्छता कर्मचाऱ्यांबरोबर उभा राहून दाखवल्या आणि ज्यांचा उपयोग झाला.

संगणकाच्या पडद्यावर थेट फवारा मारू नये, कारण द्रव खालच्या कडेने आत उतरतो. मऊ मायक्रोफायबर कापड किंचित ओले करून, पडदा बंद असताना पुसावे. काचेसाठीच्या द्रावणात अमोनिया असेल तर ते पडद्यावर वापरू नये, त्याने वरचा लेप खराब होऊ शकतो. कागदी रुमालाने ओरखडे उठतात.

दुसरे, जमीन साफ करण्याच्या यंत्राची पिन संगणकांच्या बॅटरी-आधारित सॉकेटमध्ये लावू नये. मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज खेचते आणि सगळ्या रांगेतील संगणक बंद पडू शकतात. आम्ही त्या सॉकेटांना लाल पट्टी चिकटवली आणि स्वच्छतेच्या यंत्रांसाठी वापरायच्या सॉकेटांना हिरवी. त्याआधी आमच्यातले लोक 'यांना समजत नाही' असे म्हणत असत. दोन्ही सॉकेट दिसायला अगदी सारखे होते, तर समजणार कसे? सर्व्हरच्या खोलीत मात्र आमच्यापैकी कोणी सोबत असल्याशिवाय कोणीही जात नाही. हा नियम कर्मचाऱ्यांच्याही संरक्षणाचा आहे, कारण तिथे काही बिघडले तर संशय त्यांच्यावर जायला नको.

नवखी

मी या कामाला नुकतीच लागले आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्याकडे वेगवेगळ्या रंगांची फडकी दिली आहेत, पण घाईत असताना हाताला लागेल ते घेतले जाते. याने खरोखर फरक पडतो का? आणि दुसरे, मी पुसत असताना बाजूला बसलेले लोक माझ्याकडे न पाहता बोलत राहतात, कधी पाय उचलतात, कधी उचलत नाहीत. 'जरा उठता का' असे म्हणावे की नाही, हे मला कळत नाही.

पर्यवेक्षक (धागाकर्ता)

नवखी, रंगांचा फरक फार पडतो. सर्वसाधारण पद्धत अशी की लाल फडके शौचालयासाठी, पिवळे वॉश बेसिन व त्याभोवतीच्या भागासाठी, हिरवे खाण्यापिण्याच्या जागेसाठी आणि निळे टेबले, खिडक्या अशा इतर ठिकाणांसाठी. काही ठिकाणी वाटणी थोडी वेगळी असते, म्हणून तुमच्या जागेचा तक्ता पाहून घ्या. पण लाल फडके शौचालयाबाहेर येत नाही, हे कुठेही बदलत नाही. फडके दोनदा घडी घातले की त्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात, एक मळली की दुसरी उलटायची. अशा पद्धतीने एकाच फडक्यात बरीच टेबले होतात आणि एका टेबलाचा मळ दुसऱ्यावर जात नाही. मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नका, त्याने धाग्यांची धूळ धरण्याची शक्ती जाते.

बसलेल्या माणसांविषयी सांगायचे तर, आधी नमस्कार करा आणि मग काम सांगा. 'नमस्कार, या भागाची फरशी पुसायची आहे, आता केली तर चालेल की थोड्या वेळाने येऊ?' असे विचारले की समोरच्याला निवड मिळते आणि तुमचेही काम अडत नाही. 'थोड्या वेळाने' म्हणाले तर किती वेळाने, तेही तिथेच विचारून घ्या. कोणी फोनवर असेल तर हाताने खूण करा आणि पुढच्या टेबलाकडे जा. नकार मिळाला तर तो वहीत नोंदवा. तक्रार म्हणून नव्हे, ती जागा का राहिली हे नंतर सांगता यावे म्हणून.

रात्रपाळी यांनी वेळेचा मुद्दा आणला हे फार चांगले झाले. मी त्याला पूर्ण दुजोरा देतो. कामाची यादी वाढवताना कोणीही घड्याळ पाहत नाही.

प्रशासन विभाग

कंत्राटे आमच्याकडून जातात, त्यामुळे जबाबदारीचा वाटा आमचाही आहे. आम्ही रात्रीची स्वच्छता बऱ्याच अंशी दिवसा आणली. सुरुवातीला विरोध झाला. आवाज होईल, मध्ये मध्ये येतील, पाहुण्यांसमोर बरे दिसणार नाही, असे आक्षेप होते. आवाजाच्या यंत्रांची कामे आम्ही सकाळी कार्यालय भरण्यापूर्वी ठेवली, शौचालयांची आणि खाण्याच्या जागेची कामे दिवसभरात विभागली, आणि टेबलांची वेळ प्रत्येक विभागाला विचारून ठरवली. याचा परिणाम मला अपेक्षित होता त्यापेक्षा वेगळा निघाला. मला वाटले होते की स्वच्छता सुधारेल. स्वच्छता थोडीफार सुधारली, पण लोकांनी घाण करणेच कमी केले. कॉफी सांडली तर पुसणारी व्यक्ती कोण आहे, हे ठाऊक असल्यावर माणूस ती तशीच टाकून जात नाही. तक्रारीही पत्राने येण्याऐवजी जागेवर बोलून मिटू लागल्या.

तरीही एक सावधगिरी सांगतो. दिवसा काम आणले म्हणजे कर्मचाऱ्यांना कोणीही कोणतेही काम सांगू लागते. पाकीट पोहोचवा, खुर्च्या हलवा, खाली जाऊन अमुक घेऊन या. कोणत्या कामासाठी कोणाशी बोलायचे, हे आम्हाला लेखी कळवावे लागले.

रात्रपाळी

एक विषय कोणी काढला नाही, तो मी काढते. वस्तू सापडली नाही की पहिले नाव आमचे घेतले जाते. एका ठिकाणी एक पाकीट हरवल्यावर आम्हा सर्वांना थांबवून पिशव्या तपासल्या गेल्या. पाकीट नंतर त्या व्यक्तीच्याच खणात मागच्या बाजूला सापडले. पिशव्या सर्वांसमोर तपासल्या होत्या, पण पाकीट सापडल्याचे आम्हाला कोणी येऊन सांगितले नाही. ते दुसऱ्या कोणाच्या बोलण्यातून कळले.

त्यानंतर आम्ही सापडलेल्या वस्तूंची वही ठेवू लागलो. काय सापडले, कुठे, किती वाजता, आणि दोघांच्या सह्या. वस्तू त्याच पाळीत सुरक्षा किंवा प्रशासनाकडे द्यायची आणि त्यांचीही सही घ्यायची. नाणे असो वा अंगठी, नोंद सारखीच. वहीमुळे आरोप थांबतात असे नाही, पण बोलायला हातात काहीतरी असते.

पर्यवेक्षक (धागाकर्ता)

रात्रपाळी, हा प्रकार मला नवा नाही, आणि याबाबत मी कोणाचीही बाजू सांभाळून बोलणार नाही. ज्या जागेत संध्याकाळनंतर कर्मचारी, पाहुणे, दुरुस्तीवाले आणि सुरक्षारक्षक असे सगळे येऊन गेले, तिथे केवळ एका गटाच्या पिशव्या उघडणे याला तपास म्हणता येत नाही. चौकशी करायची तर त्या वेळेत ज्यांना ज्यांना प्रवेश होता त्या सर्वांची, प्रवेशाच्या नोंदी पाहून आणि आडोशाला करावी. वस्तू सापडली की ज्यांच्यासमोर संशय घेतला त्यांच्यासमोरच तसे सांगावे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 मध्ये कामाच्या जागेवरील हिंसा आणि छळ यांविषयी 190 क्रमांकाचा करार स्वीकारला. त्यात नोकरीच्या कराराचा प्रकार कोणताही असला तरी काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला संरक्षण मिळावे असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे 'ते आमचे कर्मचारी नाहीत, कंत्राटदाराचे आहेत' या सबबीला त्या करारात जागा नाही.

स्वच्छता कर्मचाऱ्यांना मान मागण्यासाठी रस्त्यावर यावे लागल्याचा इतिहासही आहे. 15 जून 1990 रोजी लॉस एंजेलिसमधील सेंच्युरी सिटी भागात संपावरील कार्यालयीन स्वच्छता कर्मचाऱ्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. तो दिवस आजही स्वच्छता कर्मचाऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. वर्षातून एकदा आभाराचा कार्यक्रम करणाऱ्या कार्यालयांना ही तारीख का निवडली गेली, हेही ठाऊक असावे असे मला वाटते.

लेखापाल

वासाविषयी विचारायचे होते. आमच्या विभागात एका सहकाऱ्यांना दमा आहे, आणि फरशी पुसल्यावर त्यांना त्रास होतो. हे सांगितले तर कर्मचाऱ्यांच्या कामाला नावे ठेवल्यासारखे होईल का?

रात्रपाळी

अजिबात नाही, अवश्य सांगा. तो वास पाळीभर घेणारे आम्हीच आहोत, त्यामुळे सौम्य औषध आले तर सर्वांत आधी फायदा आमचा. प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक असते, त्यात 16 विभाग असतात, त्यातून घटक आणि धोके कळतात. ते मागवून घ्या आणि बाटलीवर लाल कडेच्या चौकोनातील चिन्हे आहेत का ते पाहा. आणि 'वास आला म्हणजे स्वच्छ झाले' ही समजूत तुमच्या विभागात कोणाची असेल तर तीही दूर करा, कारण आम्हाला सुगंधी औषध जास्त घालायला सांगणारेही असतात. तीव्र वास येत असेल तर आणखी एक शक्यता तपासा. क्लोरीनचे ब्लीच आणि शौचालयाचे आम्लयुक्त द्रव्य एकत्र झाले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तरीही घातक वायू तयार होतात. असा वास आला तर खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडायचे, कारण शोधत तिथे थांबायचे नाही.

धुळीने त्रास होणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. विजेवर चालणारा, हाताने फिरवता येणारा धूळखेचक (व्हॅक्यूम क्लीनर) ज्याच्या पेटंटमुळे बाजारात आला तो जेम्स मरे स्पँगलर अमेरिकेतील कँटन शहरातल्या एका दुकानात स्वच्छतेचे काम करत होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणारी धूळ त्याला सोसत नव्हती. त्याने 1907 मध्ये यंत्र बनवले आणि 1908 मध्ये पेटंट मिळवले. आमच्या कामातल्या माणसाने आपल्या श्वासासाठी काढलेला मार्ग आज सगळी कार्यालये वापरतात, याचा मला अभिमान वाटतो.

नवखी

नमस्कार करून विचारण्याचा प्रयोग केला. बहुतेकांनी लगेच खुर्ची सरकवली. एका बाईंनी माझे नाव विचारले आणि त्यांच्या कुंडीला रोज पाणी घालू नये, असेही सांगितले. मी आणि माझ्या आधीच्या कर्मचारी आपुलकीने रोज घालत होतो. आता आमच्या सुपरवायझरना विचारून टेबलांसाठी एक छोटे कार्ड करायचे आहे. त्यावर काय लिहावे?

पर्यवेक्षक (धागाकर्ता)

थोडकेच लिहा, नाहीतर कोणी भरणार नाही. एका बाजूला 'आज पूर्ण टेबल पुसावे' आणि दुसऱ्या बाजूला 'आज हात लावू नये', एवढे पुरे. खाली दोन ओळी रिकाम्या सोडा, म्हणजे कुंडीसारख्या सूचना तिथे येतील. कार्ड टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, सर्वांचे एकाच जागी ठेवायला सांगा, म्हणजे शोधत बसावे लागणार नाही. कार्ड नसेल तर मोकळी जागा तेवढी पुसायची, हे आधीच कळवा. आणि वाटण्याचे काम प्रशासनाकडे न देता तुम्ही आणि सुपरवायझरनी मिळून प्रत्येक टेबलापाशी जाऊन करा. ज्यांची टेबले तुम्ही पुसता त्यांच्याशी बोलणे त्या निमित्ताने होईल.